‘हात बसल्यावर करीन’ म्हणून ठेवलेला खोका

वाचकाच्या पत्राचा सारांश : वय ५२. प्लॅस्टिकच्या मॉडेल-गाड्यांची किट जमवण्याचा आणि जोडण्याचा छंद १२ वर्षांपासून. आजवर १७ गाड्या पूर्ण झाल्या, न केलेली किट ११८ आहेत. शेवटची गाडी अडीच वर्षांपूर्वी बिघडली. तांबड्या प्लॅस्टिकच्या बॉडीवर प्रायमर (रंगाआधीचा तळथर) मारून पांढरा रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी ती गुलाबी पडलेली होती. त्यानंतर स्प्रे कॅन हातात घेतलेला नाही, खरेदी मात्र चालूच आहे. कपाटात सगळ्यांत वर टामिया या जपानी कंपनीचं १/१२ स्केलचं पोर्शे ९३४ या रेसिंग गाडीचं किट आहे. ते १० वर्षांपूर्वी एका संग्राहकाकडून घेतलं आणि ‘हात बसल्यावर करीन’ म्हणून राखून ठेवलं. नवे खोके हल्ली ऑफिसच्या कपाटात जातात, कारण पत्नी विचारते, ‘यातलं कधी करणार?’ उघडलं तर किंमत जाते, ‘निदान खोक्यात तरी सुरक्षित आहेत’ असं वाटतं, आणि सगळं विकून टाकावं असंही वाटतं. ‘मी गाड्या करणारा आहे की नुसता साठवणारा, हेच कळेनासं झालंय.’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला सगळा निकाल त्या एका गुलाबी गाडीने लावून टाकलेला दिसतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

तांबड्या प्लॅस्टिकवरचा पांढरा गुलाबी पडला, यात तुमच्या हाताचा दोष नव्हता. बॉडी रंगीत प्लॅस्टिकची असते तेव्हा तो रंग पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकच्या, अंगातच मुरलेला असतो. लॅकर स्प्रेमधलं सॉल्व्हंट (रंग विरघळवून ठेवणारं द्रव) त्या प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा किंचित मऊ करतं. त्यामुळेच हे रंग इतकी घट्ट पकड घेतात, आणि त्यामुळेच खालचा तांबडा वर झिरपतो. साधा प्रायमर त्याला अडवेलच असं नाही. पांढरा, पिवळा, फिकट निळा हे रंग यात हमखास सापडतात. ज्यांना एकदा असा फटका बसलेला असतो ते अशा बॉडीवर आधी चंदेरी रंग देतात. त्यातले चपटे कण एकमेकांवर आडवे बसतात आणि झिरपण्याची वाट बंद होते. तो थर पुरता वाळला की पांढरा प्रायमर, मग पांढरा रंग, तोही भिजवून न टाकता हलक्या हाताने, थरावर थर. हा खटाटोप नको असेल तर तांबड्या बॉडीची गाडी सरळ तांबडीच रंगवतात. अडीच वर्षं ज्याला तुम्ही ‘माझा हात बसलेला नाही’ म्हणत आला आहात, ते रसायनांचं कोडं होतं आणि ते तुम्हाला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

पत्रात दुसरंही एक मला उलटं वाटलं. तुम्ही निपरने कापायला कचरत नाही, घासायला नाही, चिकटवायला नाही. भीती फक्त रंगाची. पण मॉडेलमध्ये सगळ्यांत जास्त सांभाळून घेणारी पायरी रंगाचीच आहे. प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, तो सांधा वाळला की सहसा पुन्हा सुटत नाही. चुकीच्या जागी कापलेला बंपर परत वाढत नाही. रंग मात्र उतरतो. ॲक्रिलिक आणि पुष्कळसे लॅकर रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवून ठेवली की सुटायला लागतात, उरलेलं काम जुना टूथब्रश करतो. आधी त्याच किटच्या स्प्रूच्या (भाग ज्याला लागून येतात त्या प्लॅस्टिकच्या काडीच्या) तुकड्यावर तपासून घ्या, काचा आणि क्रोमचे भाग बाजूला ठेवा, डब्याला झाकण असू द्या आणि जवळपास ज्योत नको. लॅकर थिनर मात्र या कामाला अजिबात वापरू नका, रंगाबरोबर प्लॅस्टिकही जाईल. ती गुलाबी बॉडी तुम्ही फेकलेली नसेल अशी मला आशा आहे. फेकली नसेल तर ती वाया गेलेली नाही, अर्धवट आहे.

आता कपाटाकडे येऊ. ‘निदान खोक्यात तरी सुरक्षित आहेत’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण ते खरं नाही.

जुन्या किटचे टायर बरेचदा मऊ व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतो, आणि टायर ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेला असेल त्याला मऊ करून खातो. खोका उघडावा आणि बॉडीच्या छपरावर किंवा पुढच्या काचेवर टायरच्या नक्षीचा खोल ठसा उमटलेला दिसावा, असं अनेकांच्या वाट्याला आलं आहे. बाहेरून सेलोफेन जसंच्या तसं, आत गाडी जखमी. काच विरघळली असेल तर पॉलिश करून भागत नाही. सीलबंद खोक्यात टायर कशाला टेकलाय हे तर दिसतही नाही.

डिकल्सचंही, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचंही, तसंच. त्यांची पातळ फिल्म वयाबरोबर पिवळी पडते आणि ठिसूळ होते, खालचा डिंक धरेनासा होतो. यातला पिवळेपणा काही वेळा जातो. शीट पारदर्शक पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीला आतून काही दिवस चिकटवून ठेवली तर फिल्म बरीच उजळते. ठिसूळपणा मात्र उलटत नाही, त्याला फक्त आधार देता येतो.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. एका रेसिंग गाडीचं किट मी १९ वर्षं ठेवलं होतं, तुमच्याच कारणाने. ती गाडी मला शाळेपासून आवडायची आणि ती माझ्या हातून बिघडलेली मला चालली नसती. अखेर केली. बॉडी मनासारखी आली, पांढरा रंग काचेसारखा चमकत होता. मग दारावरचा स्पर्धेचा क्रमांक पाण्यात टाकला. कागदावरून तो सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे सात तुकडे झाले. दुसऱ्याचे त्याहून जास्त. त्या रात्री मी खूप वेळ टेबलापाशी बसून होते. घेतल्या वर्षीच ती गाडी केली असती तर रंग आजच्याइतका सुरेख झाला नसता, पण क्रमांक अखंड असता. आता मी कुठलीही जुनी शीट आधी स्कॅन करून ठेवते. कोपऱ्यातली नको असलेली एखादी डिकल पाण्यात टाकून बघते. ती फुटली तर उरलेल्या शीटवर क्लिअर कोटचे (पारदर्शक लेपाचे) पातळ थर देऊन, वाळल्यावर एकेक डिकल कडेकडेने कापून घेते. आधाराला नवी फिल्म मिळाली की बहुतेक वाचतात.

म्हणजे ‘थांबलो तर काही बिघडत नाही’ हे तुमचं गृहीतक सोडून द्यावं लागेल. खोक्यातली गाडीही म्हातारी होते. आणि थोडं कठोर वाटेल, पण आपलेही डोळे तिच्याबरोबर म्हातारे होत असतात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, हे तुम्ही अनुभवत असालच. डोक्याला लावायचं भिंग आणि एक चांगला पांढरा दिवा यांनी फार मोठा फरक पडतो, पण डॅशबोर्डवरचे काटे रंगवायचं काम पुढच्या १० वर्षांत आजच्यापेक्षा सोपं होणार नाही. ‘निवृत्तीनंतर निवांत करीन’ असं मला कितीतरी पत्रांत वाचायला मिळतं. या छंदापुरतं तरी मी सांगेन की जे राखून ठेवलंय ते आधी करा.

किमतीबद्दल. सीलबंद जुन्या खोक्याला संग्राहक जास्त मोल देतात, हे खरं. पण किटचे साचे पोलादाचे असतात, ते दशकानुदशकं टिकतात आणि एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. एएमटी आणि एमपीसी या अमेरिकन कंपन्यांची कितीतरी जुनी किट राऊंड टू ही कंपनी पुन्हा बाजारात आणते आहे. असं किट परत आलं की जुन्याची ‘दुर्मिळ’ ही उपाधी बरीच सैल होते. तुमच्या ९३४ चंही नंतर पुन्हा उत्पादन झालेलं आहे. तुम्ही एकही किट विकण्यासाठी घेतल्याचं पत्रात लिहिलेलं नाही. मग जी किंमत वसूल करायचा तुमचा विचारच नाही, ती राखण्यासाठी गाडी न करणं कितपत योग्य? याचं उत्तर मला पाठवू नका, स्वतःलाच द्या. काही किटच्या बाबतीत ते ‘योग्य’ असंही येईल, आणि त्यात गैर काही नाही.

कारण जमवणं हाही एक पूर्ण छंद आहे. गाड्या करणारे लोक संग्राहकांकडे कधीकधी कमीपणाने बघतात, ते मला पटत नाही. एखाद्याकडे एकाच कंपनीची एका काळातली सगळी किट असतात, खोक्यावरच्या चित्रांसकट. कुठली आवृत्ती कोणत्या वर्षाची, सूचनापत्रात काय बदललं, हे त्याला तोंडपाठ असतं. ते ज्ञान आहे, आणि त्याच्या कपाटाला एक आकार असतो. त्याला काय हवंय हे ठाऊक असतं, म्हणून काय नकोय हेही. तुमच्या ११८ खोक्यांना असा आकार आहे का? पत्रावरून मला तरी तो दिसला नाही. १२ वर्षांत १७ गाड्या, या वेगाने ती सगळी करायला ८० हून अधिक वर्षं लागतील. म्हणजे त्यातली बरीचशी तुम्ही करण्यासाठी घेतलेली नाहीत, आणि संग्रह म्हणूनही नाहीत. मला वाटतं, रंग करायची हिंमत होत नव्हती त्या संध्याकाळी तुम्ही ती घेतलीत. खोका विकत घेतला की ती गाडी करायला लागणारे तीस-चाळीस तासही आपल्याला मिळाले असं वाटतं, आणि तेवढ्यापुरतं मन शांत होतं. याची लाज वाटून घेऊ नका. स्टॅश (न केलेल्या किटचा साठा) वाढवणाऱ्या बहुतेकांची गोष्ट हीच आहे.

आता पत्नीचं. ‘यातलं कधी करणार?’ या प्रश्नाला तुम्ही टोमणा समजून खोके ऑफिसात हलवलेत. पण तुमच्याच पत्रात त्यांनी पैशाबद्दल काही म्हटल्याचा उल्लेख नाही, जागेबद्दल नाही, ‘बंद कर’ असंही नाही. उलट तुम्ही लिहिलंय की पूर्वीच्या गाड्या काचेच्या कपाटात त्यांनीच मांडल्या. ज्या माणसाने १७ गाड्या होताना बघितल्या, त्याने अडीच वर्षं एकही न झालेली बघून हा प्रश्न विचारला, तर तो काळजीने विचारलेला असण्याचीही तितकीच शक्यता आहे. त्यांना तुमच्या गाड्या आठवत असतील. ऑफिसातले खोके घरी आणा. लपवलेल्या खोक्याची गाडी मोकळ्या मनाने होत नाही, आणि ती झाली की कुठून आली हे सांगावंच लागेल. तेव्हा आधीच सांगितलेलं बरं.

विकून टाकावं का, याला माझं उत्तर ‘सगळं नको’ असं आहे. हताश असताना माणूस घाऊक विकतो आणि त्यात जे जायला नको तेच आधी जातं, कारण गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं. एक सुटीचा दिवस काढा आणि सगळे खोके खाली उतरवा. सील फोडलेल्या प्रत्येक खोक्यातले टायर वेगळ्या पिशवीत घाला, डिकल शीट सपाट राहील अशी पिशवीत ठेवा, काचा मऊ कागदात गुंडाळा. भाग मोजा, कारण काही कमी असेल तर ते आज कळलेलं चांगलं. जड खोक्यांखाली दबलेल्या बॉडी वाकतात, त्या वर घ्या. कपाट तापणाऱ्या भिंतीला लागून असेल तर हलवा. हे करताना प्रत्येक खोका हातात धरून एकच गोष्ट बघा : आत्ता, या क्षणी, याचे रनर (भाग लागलेल्या चौकटी) बाहेर काढून भाग बघावेसे वाटतात का? ज्यांचे वाटतात ते एकीकडे. ज्यांचं चित्र नुसतं बघत राहावंसं वाटतं ते दुसरीकडे, तो तुमचा संग्रह, त्यांना निर्धास्तपणे बंदच राहू द्या, मात्र टायरची जोखीम माहीत असू द्या. ज्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही, ते विका किंवा नव्याने शिकणाऱ्या कुणाला द्या. माझा अंदाज आहे की हा तिसरा ढीग सगळ्यांत मोठा निघेल.

पुढची खरेदी बंद करा असं मी सांगणार नाही, तसे संकल्प महिनाभर टिकतात. दोन गाड्या पूर्ण झाल्या की एक नवं किट, एवढा नियम मात्र करा आणि तो घरात सांगून करा.

आणि पहिली गाडी कोणती? ९३४ नव्हे. पहिल्या ढिगातलं १/२४ स्केलचं, इंजिन नसलेलं, बोनेट बंद असलेलं साधं किट घ्या. बॉडी पांढऱ्या किंवा राखाडी प्लॅस्टिकची असावी आणि रंग असा निवडा की जो तुम्हाला आवडतो पण ज्याच्यावर तुमचा जीव नाही. बॉडीला हात लावण्याआधी प्लॅस्टिकच्या पाच-सहा चमच्यांवर तोच प्रायमर, तोच रंग, तोच क्लिअर कोट मारून बघा. चमच्याचा फुगीर भाग गाडीच्या छपरासारखाच वागतो. कॅन काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. कोमट पाणी म्हणजे कोमटच, ज्योतीवर किंवा उकळत्या पाण्यात कॅन कधीही धरू नका. साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि हात बॉडीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच थांबवा. पहिले दोन थर नुसते धुक्यासारखे, तिसरा जरा ओला. हवा दमट असेल त्या दिवशी काम पुढे ढकला. सॉल्व्हंट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चमक दुधाळ होते. ही दुसरी अशी चूक आहे जी लोक हाताच्या माथी मारतात. संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा आला तर रंग पूर्ण वाळू द्या, घाई अजिबात करू नका, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा आणि पॉलिशिंग कंपाउंड लावा. कडांवर आणि उंचवट्यांवर घासू नका, तिथला रंग आधी जातो. खिडक्या उघड्या ठेवा आणि ऑरगॅनिक व्हेपर फिल्टरचा मास्क लावा. धुळीसाठीचा साधा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही.

ती गाडी पूर्ण करा. सीटबेल्ट मनासारखे नाही झाले तरी, एक आरसा वाकडा बसला तरी, चार चाकं जमिनीला टेकली की ती पूर्ण. ‘याला न्याय द्यायला हवा’ असं तुम्ही तीन वेळा लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते. एएमटीने १९५८ मध्ये ‘थ्री इन वन’ किट काढली. एकाच खोक्यातल्या भागांतून मूळ रूपातली, कस्टम किंवा रेसिंगची, यांपैकी हवी ती गाडी करायची. म्हणजे तेव्हापासूनच कुठलीही एक आवृत्ती ‘बरोबर’ नव्हती, आणि प्रत्येक केलेल्या गाडीनंतर खोक्यात भाग उरतच होते. उरलेल्या भागांची खंत करत बसलं तर यातली एकही गाडी कधी पूर्ण झाली नसती.

दुसरी गाडी म्हणून ती गुलाबी बॉडी धुऊन घ्या. तिसरी इंजिन असलेली असू द्या, म्हणजे बारीक वायरिंगची आणि धातूच्या छटांची सवय होईल. चौथी ९३४.

या किटमागची हकीकत तुम्हाला कदाचित माहीत असेल. टामियाने ते १९७६ मध्ये काढलं. त्यासाठी कंपनीच्या शुनसाकु टामियांनी एक खरीखुरी पोर्शे ९११ (९३४ हे तिचंच रेसिंग रूप) विकत घेतली आणि आतली रचना नीट कळावी म्हणून ती पूर्ण सुटी करायला लावली. एक चालती गाडी खोलली गेली, तिचे भाग मोजले गेले, मग ते १/१२ मापात पोलादी साच्यांत उतरले आणि रनरला लागून तुमच्या कपाटापर्यंत आले. इतकं सगळं कुणीतरी केलं, ते दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने ती गाडी पुन्हा जोडावी म्हणून. त्या माणसाचा हात आधीच बसलेला असावा, अशी अट मला तरी त्यात कुठे दिसत नाही. १/१२ चे भाग मोठे असतात, तेव्हा पन्नाशीच्या डोळ्यांना ते १/२४ पेक्षा सोपेच जातील. बॉडी मोठी म्हणून रंगातले दोष जास्त दिसतील, पण तोवर तुमच्या तीन बॉडी रंगवून झालेल्या असतील.

मात्र ते किट उघडायला चौथ्या गाडीपर्यंत थांबू नका. या आठवड्यात, पत्नी घरी असताना, तो खोका खाली काढा. टायर कशाला टेकलेत ते बघा, ते वेगळे करा, डिकल शीट उजेडात धरून किती पिवळी झालीय ते तपासा आणि स्कॅन करून ठेवा. आणि त्यांनी पुन्हा ‘हे कधी करणार?’ असं विचारलं, तर ‘ही चौथी’ असं सांगा.